फॅमिली डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. आता कुणाकडे जायचं?

वर्षानुवर्षांचा डॉक्टर गेला की फक्त एक पाटी उतरत नाही. घरातल्या प्रत्येकाच्या प्रकृतीची जी आठवण त्या एका माणसाच्या डोक्यात होती, तीही जाते. ती आठवण वेळीच कागदावर कशी उतरवायची आणि नवा डॉक्टर कसा निवडायचा?

दवाखान्याच्या दारावर एक कागद चिकटवलेला असतो. वयोमानामुळे दवाखाना अमुक तारखेपासून कायमचा बंद होत आहे, रुग्णांनी इतकी वर्षं टाकलेल्या विश्वासाबद्दल आभार. दोन-तीनच ओळी असतात, पण वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. आईला रात्री धाप लागली तर आता कुणाला उठवायचं? बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या पुढच्या आठवड्यात संपतायत, त्या कोण लिहून देणार? धाकट्याच्या अंगावर पुरळ उठलं तर ‘काही नाही हो, उष्णतेचं आहे, दोन दिवसांत जाईल’ असं ठणकावून सांगणार कोण?

गिरगावातली चाळ असो, पुण्यातली पेठ असो, बडोद्याचा दांडिया बाजार असो, इंदूरची जुनी वस्ती असो की दिल्लीचं करोलबाग; हा अनुभव आता घरोघरी येऊ लागला आहे. कोलकात्यात औषधांच्या दुकानातच मागच्या बाजूला डॉक्टरांची ‘चेंबर’ असते. तिथेही हीच कथा. ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकांत वैद्यकीय पदवी घेतली आणि लगेच आपल्याच वस्तीत दवाखाना थाटला, ती पिढी आता थकली आहे. काही डॉक्टर आजारपणामुळे थांबले. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा वयस्क डॉक्टरांना स्वतःचाच जीव जपणं भाग पडलं. कित्येकांनी ओढलेलं शटर पुन्हा वर केलंच नाही. कुठे इमारत पुनर्विकासाला गेली आणि पागडीची खोलीही तिच्याबरोबर गेली.

पुढची पिढी ती खुर्ची का चालवत नाही, हाही प्रश्न आहे. एमबीबीएस व्हायला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं लागतात. एवढं करून नुसता ‘एमबीबीएस’ राहायला आज फारसं कुणी तयार नसतं. आणखी तीन वर्षं घालून एमडी किंवा एमएस व्हायचं, मग एखाद्या अवयवाचा तज्ज्ञ व्हायचं, हाच राजमार्ग ठरला आहे. डॉक्टरांचा मुलगा हृदयरोगतज्ज्ञ असतो, मुलगी रेडिऑलॉजिस्ट. वडिलांच्या दहा बाय बाराच्या दवाखान्यात बसून सर्दी-खोकला तपासायला त्यांना सवड नसते, आणि त्यात त्यांचा दोषही नाही.

डोक्यात साठवलेली फाइल

जुना डॉक्टर जातो तेव्हा नेमकं काय जातं? औषधं तर कुणीही लिहून देईल. जाते ती आठवण. आजीला पेनिसिलीन चालत नाही, हे डॉक्टरांना पाठ असतं. सुनेच्या पहिल्या बाळंतपणात रक्तदाब चढला होता, म्हणून चाळिशीनंतर तिच्यावर लक्ष ठेवायला हवं, हे त्यांच्या ध्यानात असतं. आजोबा ‘छातीत जळजळतंय’ म्हणाले की ते ॲसिडिटीबद्दलच बोलतायत आणि ‘काही नाही, जरा दमलो’ म्हणाले की मात्र ईसीजी काढायला हवा, एवढा बारकावा त्यांना ठाऊक असतो. यातलं फारसं काही कुठे लिहिलेलं नसतं.

आता समजा, हेच घर नव्या डॉक्टरकडे गेलं. आजीला घशाचा संसर्ग झाला आहे, ताप आहे, सोबत आलेल्या नातवाला ॲलर्जीचं काही माहीत नाही. डॉक्टरांनी विचारलं, ‘कुठल्या औषधाची ॲलर्जी?’ आजी म्हणाल्या, ‘एकदा एका इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या होत्या, पण नाव आमच्या डॉक्टरांना माहीत.’ ते डॉक्टर तर आता गावी गेले. अशा वेळी एका न लिहिलेल्या शब्दाची किंमत फार मोठी असू शकते. पेनिसिलीनच्या गटातलं औषध ज्यांना सोसत नाही, त्यांना ते पुन्हा दिलं गेलं तर काही मिनिटांत श्वास कोंडू शकतो, रक्तदाब कोसळू शकतो.

दुसरं उदाहरण जी-६-पीडी या विकराच्या कमतरतेचं. ही आनुवंशिक गोष्ट आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत जास्त आढळते. अशा माणसाला मलेरियासाठी प्रायमाक्विन दिलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात. जुन्या डॉक्टरांनी तपासणी कधीच करून ठेवलेली असते. नव्या डॉक्टरांना ते कुणी सांगायचं? घरच्यांनीच.

शटर पडण्यापूर्वी हे कराच

दवाखाना बंद होणार हे आधी कळलं असेल तर तो काळ नशिबाचा समजावा. आभार मानायला पेढ्यांचा पुडा घेऊन जाल, तेव्हा एक वही आणि पेनही घेऊन जा. गर्दीच्या वेळी जाऊ नका, वेळ ठरवून जा. डॉक्टरांना विनंती करा, ‘घरातल्या प्रत्येकाच्या प्रकृतीचा सारांश तुमच्या हस्ताक्षरात लेटरहेडवर द्याल का?’ प्रत्येकी अर्धं पान पुरे. आजार कोणता, केव्हापासून, सध्याची औषधं आणि त्यांचे डोस, न सोसणारी औषधं, झालेल्या शस्त्रक्रिया, आणि ‘यांच्या बाबतीत हे लक्षात ठेवा’ अशी एखादी सूचना.

‘केव्हापासून’ हा तपशील वरवर क्षुल्लक वाटतो. पण आरोग्यविम्याचा दावा करताना कंपनीचा पहिला प्रश्न तोच असतो. रक्तदाब पॉलिसीच्या आधीपासून होता की नंतर सुरू झाला, हे सांगणारा एकमेव विश्वासू साक्षीदार बहुतेक वेळा फॅमिली डॉक्टरच असतो.

दवाखान्यात तुमचं कार्ड किंवा केसपेपर असेल तर त्याची झेरॉक्स मागा. मागायला संकोच नको. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारसंहितेनुसार दाखल झालेल्या रुग्णांची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपून ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास ती ७२ तासांच्या आत द्यायला हवीत. रुग्णालयांनी केसपेपरच्या प्रती द्यायला हव्यात, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच स्पष्ट केलं आहे. मात्र तीन वर्षांचा तो नियम दाखल रुग्णांसाठी आहे, ही मेख लक्षात घ्या. नुसतं तपासून औषध घेऊन गेलेल्यांच्या कार्डांचं काय, याबाबत निर्धास्त राहून चालणार नाही. दवाखाना रिकामा करताना ते खोके रद्दीत जाण्याआधीच आपला कागद हाती घेतलेला बरा.

डॉक्टर अचानक गेले आणि दवाखाना एका रात्रीत बंद झाला, तर? तरीही सगळे मार्ग संपत नाहीत. कंपाउंडरला किंवा नर्सबाईंना गाठा. वीस-वीस वर्षं त्याच दवाखान्यात काढलेल्या या माणसांना खूप काही आठवत असतं. नेहमीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जुने रिपोर्ट संगणकात असू शकतात. औषधाच्या दुकानातली जुनी बिलं पाहा. त्यावरून कोणती गोळी, किती मिलिग्रॅमची आणि केव्हापासून चालू आहे, हे बरंचसं कळतं. पूर्वी रुग्णालयात दाखल झाला असाल, तर डिस्चार्ज कार्डाची दुसरी प्रत मागता येते. एका रविवारी घरच्यांनी एकत्र बसून आठवणी जुळवल्या तरी अर्धीअधिक फाइल तयार होते.

औषधात खंड नको

नवा डॉक्टर मिळेपर्यंतचा काळ हा खरा धोक्याचा. या काळात माणसं दोन प्रकारच्या चुका करतात. काही जण गोळ्या संपल्या की थांबतात. ‘चार दिवस नाही घेतल्या तर काय बिघडतंय?’ बिघडतं! रक्तदाबावरच्या मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारख्या गोळ्या एकदम थांबवल्या तर नाडीचे ठोके आणि रक्तदाब उसळून वर येऊ शकतो. हृदयविकार असलेल्यांच्या छातीत दुखू लागतं. फेफऱ्याची औषधं चुकली तर झटका येतो. बरेच दिवस स्टेरॉइड घेणाऱ्याने ते अचानक सोडलं तर शरीराची स्वतःची यंत्रणा तेवढ्यात जागी होत नाही आणि माणूस ढासळतो. इन्सुलिन आणि रक्त पातळ ठेवणारी औषधं तर एक दिवसही आपल्या मनाने थांबवू नयेत. क्षयाचं औषध चालू असेल तर जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या आरोग्य केंद्रात लगेच जा. ही औषधं तिथे मोफत मिळतात.

दुसरी चूक नेमकी उलटी. जुनी चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात जायचं आणि महिन्यामागून महिने तीच औषधं आणायची. डॉक्टरची फी वाचते, गर्दीत बसावं लागत नाही. सगळं कसं सुरळीत चाललेलं वाटतं. पण दोन वर्षांपूर्वी ठरवलेला मधुमेहाचा डोस आज योग्य आहे की नाही, हे दुकानदार कसं सांगणार? मधल्या काळात वजन उतरलेलं असतं, मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असतं, जेवणाच्या वेळा बदललेल्या असतात. तोच डोस मग जास्त ठरतो, पहाटे साखर उतरते आणि आजोबा बाथरूमच्या दारात कोसळलेले सापडतात.

कायद्यानेही अशी बहुतेक औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात. त्यातल्या काही प्रतिजैविकांसाठी, क्षयाच्या आणि सवय लावणाऱ्या काही औषधांसाठी तर मार्च २०१४ पासून दुकानदाराला वेगळी नोंदवही ठेवावी लागते. तिच्यात औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव लिहायचं असतं. तेव्हा दुकानदाराने ‘चिठ्ठी आणा’ म्हटलं तर त्याच्यावर रागावू नका. तो आपलं भलंच करतो आहे.

सोपा उपाय म्हणजे महिनाभराच्या गोळ्या हाताशी असतानाच नवा डॉक्टर शोधायला लागणं. अडचण पडलीच तर फोनवरून किंवा व्हिडिओवरून सल्ला घेता येतो. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी त्यासाठी नियम जाहीर केले आहेत. सरकारची ‘ई-संजीवनी’ ही मोफत सेवाही आहे. पण पहिल्याच भेटीत सगळीच औषधं अशा पद्धतीने लिहून देता येत नाहीत, आणि मानसिक आजारांवरच्या काही औषधांसह सवय लावणाऱ्या औषधांना तर पूर्ण बंदी आहे. गैरसोय टाळण्यापुरता हा मार्ग ठीक आहे. पोटावर हात ठेवून तपासणाऱ्या डॉक्टरची जागा फोन घेऊ शकत नाही.

पाटीवरची अक्षरं नीट वाचा

नवा डॉक्टर शोधताना सगळे आधी शेजाऱ्यांना विचारतात, आणि ते योग्यच आहे. मात्र ‘डॉक्टर कसे आहेत?’ असं मोघम विचारू नका. ‘तुमच्या आईला मधुमेह आहे ना? तिला ते कसं बघतात? रात्री फोन घेतात का? रुग्णालयात पाठवायचं असेल तर वेळेवर सांगतात का?’ असं नेमकं विचारा. शक्य असेल तर जुन्या डॉक्टरांनाच विचारा, ‘तुमच्या स्वतःच्या घरच्यांना तुम्ही कुणाकडे पाठवाल?’ याहून चांगली शिफारस दुसरी नाही.

त्यानंतर पाटी वाचा. एमबीबीएस ही आधुनिक वैद्यकाची, बीएएमएस आयुर्वेदाची आणि बीएचएमएस होमिओपॅथीची पदवी. ‘फॅमिली मेडिसिन’ या विषयात डीएनबी ही पदव्युत्तर पातळीची पदवीही मिळते. असे डॉक्टर अजून संख्येने कमी आहेत, पण जवळपास असतील तर जरूर विचार करावा. आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे उपचार घ्यायचे असतील तर त्या शास्त्राच्या जाणकाराकडे जा. आपण कुठल्या शास्त्राचं औषध घेतोय, हे मात्र आपल्याला माहीत हवं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका प्रकरणात होमिओपॅथीची पदवी असलेल्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं देणं हा निष्काळजीपणा ठरवला होता. त्या प्रकरणात रुग्णाचा जीव गेला होता.

डॉक्टरचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असायलाच हवा, असा नियम आहे. फीचा फलकही लावायचा असतो. तो क्रमांक खरा आहे का, हे राज्याच्या वैद्यक परिषदेच्या किंवा राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोंदवहीत पाहता येतं. सप्टेंबर २०२० पासून हा आयोग जुन्या भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी आला आहे. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सांगा, पाच मिनिटांत शोधून देईल.

बाकीचं डॉक्टरांच्या वागण्यावरून कळतं. चांगला डॉक्टर आधी ऐकतो, मग तपासतो आणि शेवटी लिहितो. रक्तदाब मोजल्यावर आकडा सांगतो. चिठ्ठी वाचता येईल अशी लिहितो. औषध कशासाठी आणि किती दिवस, हे सांगतो. ‘अमुक झालं तर लगेच या’ असं बजावतो. आपल्या आवाक्याबाहेरचं असेल तर तसं स्पष्ट सांगून योग्य ठिकाणी पाठवतो. आणि कधी कधी ‘याला औषधाची गरज नाही’ असंही म्हणतो! याउलट प्रत्येक तापाला इंजेक्शन, प्रत्येक सर्दीला प्रतिजैविक, नाव नसलेल्या पुड्या आणि ‘एका दिवसात खडखडीत बरं करतो’ अशी हमी, हे सगळं एकाच ठिकाणी आढळलं तर चपला घालून बाहेर पडावं.

घरापासूनचं अंतरही महत्त्वाचं आहे. अर्ध्या गावाने वाखाणलेला डॉक्टर तासाभराच्या अंतरावर असेल, तर गुडघे दुखणारी आई त्याच्याकडे जाणं टाळत राहील. चालत किंवा दहा-पंधरा मिनिटांच्या रिक्षाने पोचता येईल असा साधा, भरवशाचा डॉक्टर बरा.

पहिली भेट ताप नसताना

बहुतेक जण नव्या डॉक्टरकडे पहिल्यांदा जातात ते १०३ ताप चढल्यावर. बाहेर वीस माणसं ताटकळत असतात, रुग्ण कण्हत असतो आणि अशा घाईत तीस वर्षांचा इतिहास सांगायचा असतो. तो नीट कसा सांगितला जाणार? त्यापेक्षा सगळे धडधाकट असताना एकदा भेटून या. फी द्यावी लागेल, ती द्या. ही रक्कम वाया जात नाही.

जाताना जुन्या डॉक्टरांचा सारांश, गेल्या दोन वर्षांचे रिपोर्ट आणि सध्या चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. नुसती नावं सांगून भागत नाही. गोळ्यांची पाकिटंच दाखवा. त्यात आयुर्वेदिक काढा, शेजारणीने दिलेली गुडघेदुखीची गोळी आणि झोपेची अर्धी गोळीही यायला हवी. लपवाछपवी करू नका. सांधेदुखीवरच्या वेदनाशामक गोळ्या रक्तदाबाच्या काही औषधांबरोबर दीर्घकाळ घेतल्या तर मूत्रपिंडाला इजा होते. डॉक्टरांना माहीतच नसेल तर ते सावध कसं करतील?

जुना ईसीजी अवश्य न्या. हृदयाच्या आलेखातला एखादा बदल नवा असेल तर तो धोक्याचा इशारा ठरतो, आणि दहा वर्षांपासून तसाच असेल तर बहुधा घाबरायचं कारण नसतं. हा फरक जुना कागद बघितल्याशिवाय कळत नाही. पण ईसीजीचा कागद पुष्कळदा उष्णतेने उमटणाऱ्या छपाईचा असतो. काही वर्षांत तो पुसट होऊन कोरा पडतो. तेव्हा त्याची झेरॉक्स आजच काढून ठेवा. लहान मुलांच्या लसीकरणाच्या कार्डाचंही तेच. पाच-सहा वर्षांचं झाल्यावर ट्रिपलचा बूस्टर आणि पुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस द्यायची असते. जुने डॉक्टर आठवण करून देत. आता ती आपण ठेवायची.

जुन्या औषधांत नव्या डॉक्टरांनी बदल सुचवला तर लगेच नाराज होऊ नका. ‘आमचे डॉक्टर तर हेच देत होते!’ हे वाक्य तपासणीच्या खोलीत दर पाच मिनिटांनी ऐकू आलं तर कुणाचाही उत्साह मावळतो. ‘हा बदल कशासाठी?’ एवढं मात्र नक्की विचारा. सरळ उत्तर मिळालं तर डॉक्टर योग्य मिळाला, असं समजायला हरकत नाही.

थेट स्पेशालिस्टच का नको?

हल्ली अनेक घरांत दुसराच विचार असतो. फॅमिली डॉक्टर हवाच कशाला? हृदयासाठी हृदयरोगतज्ज्ञ, साखरेसाठी मधुमेहतज्ज्ञ, गुडघ्यांसाठी हाडांचे डॉक्टर! एकाच आजीचे तीन डॉक्टर, तीन फायली आणि तीन चिठ्ठ्या होतात. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर असते. पण तिन्ही एकत्र ठेवून बघणारं कुणी नसतं. एकच औषध दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावांनी दोन चिठ्ठ्यांत येतं आणि आजी दोन्ही गोळ्या प्रामाणिकपणे गिळतात. पॅरासिटामॉलचंच घ्या. तापाच्या गोळीत ते असतं, सर्दीच्या गोळीत असतं आणि अंगदुखीच्या संयुक्त गोळीतही असतं. निरोगी प्रौढ माणसासाठी दिवसाला चार ग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा. ती ओलांडली तर यकृताला धोका असतो. तीन पाकिटांतून ती नकळत ओलांडली जाऊ शकते.

तज्ज्ञ हवेतच. पण कुठल्या तज्ज्ञाकडे केव्हा जायचं, आणि तिथून परतल्यावर सगळ्या चिठ्ठ्यांचा मेळ कसा घालायचा, यासाठी एक घरचा डॉक्टर लागतो. चक्कर येते ती कानामुळे, मानेमुळे, रक्तदाबामुळे की रिकाम्या पोटामुळे, हे रुग्णाने स्वतः ठरवून तज्ज्ञ निवडायचा म्हटलं, तर पैसा आणि वेळ दोन्ही वाया जाणार.

खिशाला परवडणारे मार्ग

जुने डॉक्टर कधी फी घेत, कधी ‘राहू द्या’ म्हणत. नव्या ठिकाणी ती अपेक्षा ठेवता येत नाही, आणि हा भार प्रत्येक घराला पेलतोच असं नाही. अशा वेळी सरकारी व्यवस्थेकडे नाक मुरडू नये. गावांत आणि शहरांत २०१८ पासून आरोग्यवर्धिनी केंद्रं उभी राहिली. २०२३ मध्ये त्यांचं नाव ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असं झालं. रक्तदाब, मधुमेह आणि काही कर्करोगांची प्राथमिक तपासणी हे त्यांचं ठरवून दिलेलं काम आहे. मुंबईत महापालिकेने नोव्हेंबर २०२२ पासून ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’ केंद्रं सुरू केली. केरळमध्ये २०१७ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रांचं रूपांतर कुटुंब आरोग्य केंद्रांत होऊ लागलं. तमिळनाडूने २०२१ मध्ये रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांना घरपोच औषधं देणारी योजना आणली. केंद्र सरकारच्या निवृत्तांना सीजीएचएसचे दवाखाने आहेत. रोजच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्रात चौकशी करा. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असेल तर तिथे तेच औषध पुष्कळ स्वस्त मिळतं.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण देण्यात आलं. पण ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. दर महिन्याची तपासणी आणि गोळ्या त्यात बसत नाहीत. म्हणजे कार्ड असलं तरी जवळचा डॉक्टर लागतोच.

एकट्या राहणाऱ्यांची काळजी

सगळ्यात जास्त अडचण होते ती मुलं परगावी किंवा परदेशी असलेल्या वृद्धांची. त्यांच्यासाठी फॅमिली डॉक्टर म्हणजे आठवड्यातून एकदा हमखास भेटणारा, नावाने हाक मारणारा माणूस. तो गेल्यावर अनेक जण ‘आता या वयात नवीन डॉक्टर कशाला?’ म्हणून तपासणीच सोडून देतात. बाहेरून हा आळस वाटतो. खरं तर तो एक प्रकारचा शोकच असतो.

अशा आईवडिलांना फोनवरून ‘डॉक्टरकडे जाऊन या’ एवढं सांगून भागत नाही. पहिल्या भेटीला मुलाने, सुनेने, पुतण्याने, कुणीतरी बरोबर जायला हवं. डॉक्टरांना आपला फोन नंबर द्यावा. सोसायटीतल्या तीन-चार ज्येष्ठांनी मिळून एकच डॉक्टर ठरवला तर एकमेकांची सोबत होते, आणि घरी येऊन तपासण्याची विनंतीही करता येते. जवळच्या रुग्णालयाचा आणि रुग्णवाहिकेच्या १०८ सेवेचा क्रमांक फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून लावा.

घरच्या फाइलमध्ये काय असावं?

घरातल्या प्रत्येकासाठी एक साधी प्लॅस्टिकची फाइल करा. तिच्यात हे हवं:

• पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख, रक्तगट आणि न सोसणारी औषधं. ही ओळ लाल शाईने लिहा.

• आजार आणि ते केव्हापासून आहेत; शस्त्रक्रिया आणि त्यांची वर्षं.

• सध्याची औषधं, त्यांची मूळ नावं, मिलिग्रॅम आणि घेण्याच्या वेळा. बदल झाला की तारीख घालून नवं पान करा.

• मधुमेह असेल तर एचबीए-वन-सीचे रिपोर्ट तारखेनुसार. मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी त्यावरून कळते. क्रिएटिनिन आणि डोळ्यांच्या वार्षिक तपासणीचे कागदही ठेवा.

• जुन्या ईसीजीची झेरॉक्स, डिस्चार्ज कार्डं, मुलांची लसीकरण कार्डं.

• विम्याचं कार्ड आणि घरातल्या दोन माणसांचे फोन नंबर.

ज्यांना जमेल त्यांनी १४ आकडी ‘आभा’ क्रमांक काढून रिपोर्ट त्याला जोडावेत. २०२१ साली सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य अभियानाची ही सोय आहे. तरीही कागदी फाइल टाकून देऊ नका. मध्यरात्री रुग्णवाहिकेत बसताना फोनचं चार्जिंग संपलेलं असू शकतं. कपाटातली फाइल हाताला लगेच लागते, फक्त ती कुठे ठेवली आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

ओळख व्हायला वेळ लागतो

नव्या डॉक्टरांत पहिल्याच दिवशी जुने डॉक्टर शोधू नयेत. जुने डॉक्टरही पहिल्या दिवशी परकेच होते. कुणाच्या तरी तापात, कुणाच्या तरी बाळंतपणात, एखाद्या रात्रीच्या धावपळीत ते हळूहळू घरचे झाले. ते नातं डॉक्टरांनी एकट्याने बांधलं नव्हतं. रुग्णही वर्षानुवर्षं त्याच दारात जात राहिला, खरं बोलत राहिला, सांगितलेलं ऐकत राहिला. दर आजाराला नवा डॉक्टर करणाऱ्याला फॅमिली डॉक्टर कधीच मिळत नाही.

कोपऱ्यावर नवी पाटी लावून बसलेला तिशीतला डॉक्टर किंवा डॉक्टरीण अशाच घरांची वाट बघत असते. तिलाही रुग्ण टिकतील की मोठ्या रुग्णालयाकडे निघून जातील, याची धास्ती असते. आपल्या चार पिढ्यांची फाइल तिच्या टेबलावर ठेवून ‘आता आमच्याकडे तुम्हीच बघा’ असं म्हणणारं एखादं घर भेटलं, तर वस्तीतला दवाखाना तिला सोडावासा वाटणार नाही. आणखी तीस वर्षांनी आपल्या नातवंडांना कुणाच्या दारात रांग लावावी लागेल, हे काही प्रमाणात आज आपण कुणाच्या दारात जातो त्यावरच ठरणार आहे.